माझ्या पाठीखालचा आवाज

मित्रांनो, मी दोन माणसांची, लाल रंगाची, बुटकी आणि म्हातारी स्पोर्ट्स कार आहे. पण खबरदार, मला कुणी बिचारी म्हणाल तर! हळहळायला मी काही मेलेली नाही.

माझा जन्म इटलीतला, पण आयुष्य गेलं लेबनॉनमध्ये. बैरुतच्या बंदरात उतरले तेव्हा माझी मालकीण नजला पंचविशीची होती आणि शाळेत रसायनशास्त्र शिकवत होती. "बाईमाणसाला कशाला हवी असली गाडी?" असं अख्खं गाव म्हणालं. ती सरळ डोंगरावरच्या शर्यतीत मला घेऊन उतरली आणि तीन वर्षं भल्याभल्यांना धूळ चारली. लोक तेव्हा माझ्या बॉनेटवर हात ठेवून फोटो काढत. पुढे युद्ध आलं. ती सगळी वर्षं मी लिंबांच्या बागेत ताडपत्रीखाली काढली. एक गोळी माझ्या दारातून आरपार गेली. भोक बुजवलं, डाग आहे, आणि तो मी लपवत नाही.

इतकं सोसलेली मी, गेल्या हिवाळ्यात एका आवाजाने बदनाम झाले. गियर टाकून क्लच सोडला की माझ्या पाठीखालून 'टण्' व्हायचं. वेग घेतला की 'कीच-टक, कीच-टक' सुरू. मग काय, जो तो डॉक्टर! पंपावरचा माणूस म्हणाला, क्लच. शेजारी म्हणाला, डिफरन्शियल. नजलाचा धाकटा भाऊ नायेफ तर निकालच देऊन मोकळा झाला.

"ताई, गियरबॉक्स गेला. याचे भाग आता मिळत नाहीत. एक माणूस इंजिन काढून घ्यायला तयार आहे. बाकीचा पत्रा कापून नेईल. शनिवारी येतोय क्रेन घेऊन."

पत्रा म्हणे! माझा संताप झाला, पण बोलणार कशी? माझ्याजवळ तेवढा एकच आवाज होता, आणि त्यालाच सगळे मरणघंटा समजत होते.

गुरुवारी नजला मला बैरुतला लागून असलेल्या बुर्ज हम्मूदला मिहरानकडे घेऊन गेली. मिहरान आर्मेनियन, सत्तरीचा, तिरसट. आमच्याकडे कसबी मेकॅनिकला मुअल्लिम म्हणतात, आणि त्याला ते शोभतं.

"मुअल्लिम, गियरबॉक्सच गेलाय ना?" नजलाने रडवेल्या आवाजात विचारलं.

"मदाम, डॉक्टरकडे येताना मयताची पत्रकं छापून आणता का? आधी कॉफी घ्या. मग तुम्ही गप्प बसायचं, बोलायचं हिने."

कॉफी संपल्यावर तो मला घाटावर घेऊन गेला. वर पोचल्यावर त्याने मला न्यूट्रलमध्ये टाकलं, इंजिन बंद केलं आणि सरळ उतारावर सोडून दिलं. नजलाने दाराचं हँडल घट्ट धरलं. वाऱ्याशिवाय कसलाच आवाज नाही, आणि त्यात माझं चाकांच्या तालावर 'कीच-टक, कीच-टक'. मी मुद्दाम खणखणीत बोलले.

"ऐकलंत? इंजिन बंद, क्लचचा संबंध नाही, तरी ही बोलतेय," मिहरान म्हणाला. "दुखणं गियरबॉक्सच्या मागे असणार."

गॅरेजमध्ये तो माझ्याखाली शिरला. गियरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जोर नेणारा एक लांब दांडा माझ्या पोटाखाली आहे. त्याच्या सांध्यांत लोखंडी क्रॉस असतात. त्याने दांडा हाताने पिळला, आणि 'टण्'! सांध्यातून गंजाची लाल भुकटी खाली पडली. ग्रीसचा टिपूस नाही. त्याने बोट हुंगलं.

"खालून डिझेलचा फवारा कोण मारतं?"

"मीच!" नजला कौतुकाने म्हणाली. "दरवर्षी, हिवाळ्याआधी. समुद्राच्या खाऱ्या हवेनं गंजू नये म्हणून. सगळेच मारतात."

"सगळेच मारतात, म्हणून तर माझं दुकान चालतं. अहो, तुम्ही रसायन शिकवलंत ना? डिझेलनं ग्रीस धुऊन जातं, रबर फुगतं, हे मी सांगायचं तुम्हाला?"

नजलाचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्याच हातानं...?"

"मायेनं केलंत. पण विचारलं नाहीत."

खरं सांगते, मला तिचाही राग आला. वर्षानुवर्षं तिने माझी सेवा केली आणि त्याच सेवेने माझे सांधे सुकवले. पण ती मिहरानशेजारी गुडघे टेकून बसली, त्याने जुन्याच्या जागी बसवायला काढलेल्या नव्या क्रॉसमध्ये स्वतःच्या बोटांनी ग्रीस भरलं, आणि माझा राग गेला.

शनिवारी क्रेन आली. नायेफ दारातच उभा होता. नजलाने मला सुरू केलं, गियर टाकला, क्लच सोडला. टण् नाही, कीच नाही. क्रेनवाल्याने टोपी मागे सारली.

"आज बरी आहे, ताई. उद्या दुसरं काही बिघडलं तर?" नायेफ म्हणाला.

"तर तेही दुरुस्त करीन. तुझे गुडघे जिना चढताना कुरकुरतात, नायेफ. तुला दिलं का मी कुणाला कापायला?"

क्रेनवाला खो खो हसला आणि रिकाम्या हाताने परत गेला.

मित्रांनो, जुन्यावर माया जरूर करा, पण आंधळी नको. आम्ही कुरकुरलो तर खाली वाका, हात लावा, आवाज कधी येतो आणि कुठून येतो ते विचारा. एवढंही न करता आम्हाला भंगार म्हणणार असाल, तर घाटावर या. मी तिथेच असते, आणि तुमच्यासाठी थांबणार नाही.