घरबसल्या

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. टीव्ही-फ्रिजच्या त्या मोठ्या दुकानात ती दिवसभर एका पडद्यासमोर उड्या मारून खेळ दाखवायची, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. हातात एक छोटी दांडी धरायची; ती हलवली की पडद्यावरची बाहुली पळायची, नाचायची. खेळ बायकांसाठी काढलेला, पण दुकानाचे साहेब पक्के मुरलेले. "अगं, बाईशी काय बोलत बसतेस? तिच्या नवऱ्याशी बोल, सासूशी बोल. सांग, घरबसल्या सडपातळ! सून बाहेर जायला नको, चारचौघांच्या नजरेत यायला नको." भिंगरी हेच घोळवून सांगे नि खेळ हातोहात खपत.

तिच्या आईलाही ते पटलं. घरात वहिनीला नुकतंच बाळ झालं होतं, तेही पोट चिरून. त्याआधी ती रोज संध्याकाळी मैदानावर मैत्रिणींबरोबर बॅडमिंटन खेळायला जायची, ते आईच्या डोळ्यांत खुपायचं. आता डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "टाके भरेपर्यंत उड्या नकोत, पण मोकळ्या हवेत खुशाल फिरा." दादाने आईचं ऐकून दुकानातून खेळ उचलून आणला.

"आता मैदानाचं नाव काढू नकोस. नणंदच सांगते ना तुझी, घरबसल्या होतं सगळं!"

"आई, मला नुसतं चालायचंय हो. जरा चार माणसं दिसतात."

"आणि चार माणसांना तू दिसतेस, त्याचं काय?"

दादा खेळाच्या तारा टीव्हीला जोडत बसला.

खेळाबरोबर आलेल्या पाटावर उभं राहिलं की वजन व्हायचं, आणि पडद्यावरची बाहुली टम्म फुगून म्हणायची, "अरेरे, तुम्ही जाड आहात!" आई खो खो हसायची. वहिनी पोटावर हात दाबून उड्या मारायची.

भिंगरीला ते बघवेना. आई स्वयंपाकघरात गेलेली पाहून ती कुजबुजली, "वहिनी, बस खुर्चीवर. या दांडीला काय कळतंय? नुसतं मनगट हलव." वहिनीने मनगट हलवलं नि बाहुली धूम पळाली. कितीतरी दिवसांनी वहिनी हसली.

ही युक्ती आईने पकडली, ती नेमकी भिंगरी कामावर असताना. "मला फसवतेस? ऊठ! मी इथेच बसते, मार उड्या." वहिनी उठली. थोड्या वेळाने तिथेच कोसळली. कपडे रक्ताने भिजले, बाळ आकांत करू लागलं. पडदा बंद करायचं भान कुणाला असणार? बाहुली ओरडतच होती, "शाब्बास! आणखी एकदा!"

टाके आतून उसवले होते. पुन्हा चिरावं लागलं. कित्येक महिने बाळाला उचलायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. आई दवाखान्याच्या बाकावर रडत होती. रडता रडता म्हणाली, "पण वजन उतरलं होतं हो छान." शब्द आईचे, पण सूर भिंगरीचा स्वतःचा, दुकानातला होता.

ती कामावर परतली तेव्हा एक सासूबाई मुलासुनेला घेऊन आल्या होत्या. सुनेच्या पायात पळायचे बूट. "हिला बाहेर पळायला जायचं भारी खूळ. हे घेतलं की सुटेल ना?"

"भिंगरी, दाखव!" साहेब म्हणाले.

भिंगरीने खुर्ची ओढली, पायावर पाय टाकून बसली आणि मनगट हलवलं. बाहुली पळाली, पहिली आली.

"बघितलंत? घरबसल्या म्हणजे हे! पळते ती बाहुली. आमच्या वहिनीचे बाळंतपणाचे टाके उसवले, यापायी तिला आम्ही मरणाच्या दारात नेलं. तिचं बाळ तिला उचलता येत नाही. मावशी, हिला बाहेर पळू द्या."

"ऊठ! उद्यापासून येऊ नकोस," साहेब कडाडले.

"त्यांच्या सुनेला टाके होते," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "हिला कुठे आहेत? द्या बांधून."

सून मान खाली घालून आपल्या बुटांकडे बघत राहिली. खोकं बांधलं गेलं.

वहिनी घरी आली, जरा चालू लागली, त्या संध्याकाळी भिंगरीने बाळाला खांद्यावर घेतलं नि तिचा हात धरला. आई दारात आडवी आली. "कुठे निघालात? घरात तो खेळ धूळ खातोय ना?"

"तू खेळ, आई. घरबसल्या."

आई बाजूला झाली नाही. वहिनीच तिच्या कडेने, पोटावर हात धरून, हळूहळू बाहेर पडली.