संस्थापकांची पट्टी

चाळणीला चाळणी म्हणायला लागले त्याला यंदा सव्वीस वर्षं होतील. हे नाव ज्यांनी ठेवलं त्यांतले निम्मे वर गेले, पण नाव काही जागचं हललं नाही. गोलकीपर माणसाला चाळणी म्हणायचं, म्हणजे काय ते तुम्हीच समजा! पण मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

बरं, नावाचं एक वेळ सोडा. नाव त्यानं कधीच पचवलं होतं. गोदीतल्या रंगाऱ्याला वासाची सवय होते तशी नावाचीही होते. त्याच्या जिवाला लागला होता तो अबोला. बायकोचा थोरला भाऊ, म्हणजे त्या वेळचा संघाचा कप्तान, त्या दिवसापासून त्याच्याशी एक अक्षर बोलला नव्हता. त्याआधी दोघांचं इतकं सख्य होतं की एकाला शिंक आली तर दुसरा रुमाल काढायचा. कप्ताननंच त्याला संघात आणलं, कप्ताननंच आपली बहीण त्याला दिली. आणि आता? दर सामन्याला दोघं एकाच बाकावर बसायचे, मधे चाळणीची बायको.

"दादाला म्हणावं, जरा पाय घ्या, मला जायचंय," चाळणी म्हणायचा.

"दादा, हे म्हणतायत पाय घे."

"त्यांना म्हणावं, दुसरीकडून जा."

सव्वीस वर्षं ती बिचारी अशी टपालाचं काम करत होती. वर शाळेत मास्तरीण होती, निवृत्त झाली, पण या नोकरीतून सुटका नाही.

झालं काय होतं, ते ऐका. वरच्या गटात जायला संघाला एक बरोबरी पुरे होती. सामना घरच्या मैदानावर. पहिल्या अर्ध्यात संघाला पेनल्टी मिळाली, कप्ताननं मारली, आणि चेंडू गोदीकडच्या खांबाजवळून बाहेर गेला. "चार बोटांनी हुकला," कप्तान म्हणाला, आणि लोकांनी मान्य केलं. देव माणूस, चार बोटांचं काय एवढं! मग बाजू बदलल्या. आता त्याच गोलात चाळणी उभा. शेवटच्या मिनिटाला समोरच्यांच्या एका बुटक्यानं लांबून चेंडू मारला. चाळणीनं अशी झेप घेतली की हाडं मोजून घ्यावीत. चेंडू त्याच गोदीकडच्या खांबाच्या आतल्या अंगाला लागला आणि आत गेला. संपलं! वरचा गट तेव्हा गेला तो गेलाच, आणि सगळं खापर फुटलं कुणाच्या डोक्यावर? कप्तानच्या? छे हो!

यंदा क्लबाला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत होती. कमिटीनं ठरवलं की इतिहासाचं पुस्तक काढायचं. कमिटीतल्या पुरुषांना दोन वाक्यं धड एका रेषेत लिहिता येत नव्हती, म्हणून ते काम चाळणीच्या बायकोच्या गळ्यात पडलं. स्वयंपाकघरातलं टेबल कागदांनी भरलं. जेवायला जागा उरली नाही, तर दोघं ताटं हातात घेऊन उभ्यानं जेवू लागले.

काय एकेक निघालं त्या कागदांतून! क्लब सुरू केला तो गोदीतल्या कामगारांनी, जेवणाच्या सुट्टीत, अर्धवट बांधलेल्या दोन जहाजांच्या मधल्या जागेत. चेंडू पाण्यात मारेल त्यानं स्वतः उडी टाकून आणायचा असा नियम होता, त्यामुळे पहिल्या अकरा जणांत खेळाडू कमी आणि पोहणारे जास्त. पहिल्या जर्सीवरचे आकडे जहाजाच्या तळाला लावायच्या रंगानं काढले. त्या रंगावर शेवाळ धरत नाही, शिंपले चिकटत नाहीत, आणि पहिल्याच सामन्यात असं कळलं की त्यातून घामही बाहेर पडत नाही. दोघं चक्कर येऊन पडले, तिसऱ्याची जर्सी काढून ठेवली तर ती आपली आपण उभी राहिली. पुढे खेळायचे थोडे पैसे मिळू लागले आणि क्लब निमव्यावसायिक झाला. म्हणजे आठवडाभर वेल्डिंग करायचं आणि शनिवारी पाय मोडून घ्यायचे. मग गोदी बंद पडली. क्रेन विकल्या, भोंगा विकला. क्लब मात्र कुणी विकत घेईना, म्हणून तो राहिला.

चाळणी हे सगळं वाचून खो खो हसायचा. पण त्या सामन्याचं प्रकरण जवळ आलं तसं त्याला जेवण जाईना.

"अगं, त्यात 'चाळणी' हा शब्द घालणार आहेस का?"

"इतिहास आहे तो. मी काय खोटं लिहू?"

"खोटं नको लिहू. थोडं विसर."

"आधी मला पट्टीची लांबी मोजून आणा," ती म्हणाली. "फोटोखाली द्यायचीय."

पट्टी म्हणजे संस्थापकांची पट्टी. क्लबाच्या खोलीत काचेच्या पेटीत असायची. पिवळ्या लाकडाची, दोन फुटी, टोकांना पितळ. एका बाजूला काहीतरी अक्षरं होती, ती पाऊणशे वर्षांच्या हातांनी पुसून गेलेली. मैदान आखलं त्या दिवशी संस्थापकांपैकी एकाच्याचजवळ पट्टी होती, तो गोदीत लाकडी साचे करायचा. त्याच पट्टीनं गोल मोजला: आठ यार्ड म्हणजे चोवीस फूट, म्हणजे बारा पट्ट्या. तेव्हापासून रिवाज पडला. दर मोसमाच्या पहिल्या दिवशी पट्टी बाहेर काढायची, अध्यक्षांनी गुडघ्यावर बसून रस्त्याकडच्या खांबापासून गोदीकडच्या खांबापर्यंत मोजत जायचं, आणि सगळ्यांनी मोठ्यानं आकडे म्हणायचे. बारा झाले की एकच आरोळी, "बरोबर!" खांब कुजून नवे बसवले तेही याच पट्टीनं. लीगचा तपासनीस आला की तोही आरोळीत आरोळी मिसळायचा, चहा प्यायचा आणि सही ठोकून जायचा.

तर चाळणीनं पट्टीला टेप लावली. दोन फूट आणि वर पाव इंच. टेप सैल असेल म्हणून त्यानं दुसरी आणली. दोन फूट, पाव इंच. घरी येऊन बायकोची शिवणाची टेप नेली. पाव इंच! पट्टी काखेत मारून तो थेट गेटाजवळच्या बाकावर गेला. तिथे ओतारी बसलेला असायचा, गोदीच्या ओतकामातला शेवटचा माणूस, वय नव्वद, कान गेलेले, जीभ शाबूत.

ओताऱ्यानं पट्टी हातात घेतली, नखानं रेघा चाचपल्या, आणि असा हसायला लागला की कवळी हातात काढून घ्यावी लागली.

"अरे गाढवांनो, ही साच्याची पट्टी आहे!" कवळी बसवून तो ओरडला. "लोखंड ओतलं की गार होताना आकसतं. म्हणून साचा आधीच मोठा करायचा असतो. त्यासाठी पट्टीच मोठी, फुटाला इंचाचा आठवा हिस्सा जास्त! हिनं साचे मोजतात रे, जग नाही मोजत!"

"मग त्यानं गोल कसा मोजला हिनं?"

"तो घरचं टेबलसुद्धा हिनंच मोजायचा. त्याचा फूटच तेवढा!"

"तुम्ही बोलला नाहीत कधी?"

"मला पेटीजवळ कुणी बोलावलं कधी? तुम्ही लांबून आरोळ्या मारता, मला वाटायचं भजन चाललंय!"

फुटाला इंचाचा आठवा हिस्सा. चोवीस फुटांना तीन इंच. तीन इंच म्हणजे चार बोटं! चाळणी साठीचा माणूस, गुडघे कुरकुरणारे, पण मैदानाकडे असा पळाला की गेटावरची कुत्री भुंकायची विसरली. टेप लावली. चोवीस फूट, तीन इंच. मोजणी रस्त्याकडून सुरू व्हायची, म्हणजे सगळी चार बोटं जमा झाली होती ती गोदीकडच्या खांबाशी. तो खांब जिथे असायला हवा होता तिथे असता, तर बुटक्याचा चेंडू खांबावर आपटून परत आला असता. सव्वीस वर्षं! रिकाम्या गोलात तो एकटाच नाचला, जाळीला मिठ्या मारल्या, खांबाला दोन शिव्या घातल्या आणि मग त्याचाच मुका घेतला.

घरी येऊन त्यानं एका दमात सगळं सांगितलं. "लिही! आणि आत्ताच्या आत्ता दादाकडे जा, सांग त्यांना!"

बायकोनं पेन खाली ठेवलं. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं, आणि तिचा चेहरा बदलला.

"हा निरोप मी नेणार नाही," ती म्हणाली.

"का?"

"आजवर तुमचे पाय घ्या, सरका, छत्री मिटा, सगळं पोचवलं. हे नाही. हे तुम्हीच सांगा."

"अगं, ते बोलत नाहीत माझ्याशी!"

"पण ऐकू येतं ना त्यांना?"

बायका कधीकधी असं काही बोलतात की पुढे वाद घालायला जागाच राहत नाही. चाळणी रात्रभर कूस बदलत होता, पण नुसत्या आनंदानं. बाकी काही त्याच्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोसमाचा पहिला दिवस. तीनशे माणूस जमलेलं. कप्तान आता क्लबाचा अध्यक्ष. गोदीत क्रेन चालवायचा, त्यामुळे खालच्या माणसांशी न बोलायची त्याला जुनी सवय. तो गुडघ्यावर बसला, पट्टी टेकवत निघाला. "नऊ! दहा! अकरा! बारा!"

"थांबा!" चाळणी ओरडला.

तीनशे तोंडं उघडी ती तशीच राहिली. चाळणी टेप घेऊन मधे आला आणि सांगत सुटला: साचा, लोखंड, आकसणं, फुटाला आठवा हिस्सा. लोक आधी गोंधळले, मग हसू लागले, मग त्यांचं हसणं आवरेना. "म्हणजे पाऊणशे वर्षं आपण सगळ्यांना जास्तीचा गोल देतोय?" "फुकट!" "तरीच आपण एवढे हरतो!" तपासनिसानं चहाचा कप मागे लपवला. चाळणीला तर पंख फुटले होते. गोदीकडच्या खांबावर हात आपटून तो म्हणाला, "हा खांब! हा चार बोटं बाहेर आहे! याच खांबापाशी त्या दिवशी..."

आणि तिथे त्याची जीभ अडली. त्याच गोलाच्या, त्याच खांबाच्या बाहेरून त्या दिवशी आणखी एक चेंडू गेला होता. मोठ्या केलेल्या गोलाच्याही बाहेरून. बायकोनं बोटांवर काय मोजलं ते त्याला आत्ता कळलं. त्यानं वळून पाहिलं. कप्तान अजून गुडघ्यावरच होता, पट्टी हातात, मान खाली.

"...म्हणजे, टेप जुनी आहे माझी," चाळणी पुटपुटला. "उन्हानं ताणली असेल. सोडा. बारा झाल्या ना? बरोबर!"

कुणीही "बरोबर" म्हटलं नाही. कप्ताननं हात पुढे केला. चाळणीनं टेप दिली. कप्ताननं स्वतः मोजलं, खांबापासून खांबापर्यंत, सावकाश, आणि आकडा दोनदा वाचला. मग खांबाला धरून उभा राहिला. त्याचे खांदे हलू लागले. लोकांना वाटलं म्हातारा रडतोय. तो हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"चार बोटांनी हुकला, चार बोटांनी हुकला!" तो म्हणाला. "अरे, गोल चार बोटं वाढवून दिला होता मला! आठ बोटांनी हुकला!"

मैदान डोक्यावर घेणं म्हणजे काय ते त्या दिवशी तिथे असतात तर कळलं असतं. टोप्या उडाल्या, ओताऱ्यानं पुन्हा कवळी काढली. पण चाळणीला त्यातलं काही ऐकू आलं नाही, कारण कप्तान त्याच्याकडे बघत होता. बायकोकडे नाही, त्याच्याकडे.

"तुझ्यावर रागावलो नसतो," कप्तान हळूच म्हणाला, "तर लोकांनी पेनल्टीचं विचारलं असतं. पहिले दोन दिवस तेवढ्यासाठी बोललो नाही. मग लाज वाटायला लागली, म्हणून बोललो नाही."

"अहो दादा," चाळणी म्हणाला, "तेव्हाच सांगायचं होतंत. मी म्हटलं असतं, घाला दोन्ही माझ्याच नावावर."

कप्ताननं चाळणीची मान आपल्या खांद्याशी ओढली आणि तशीच धरून ठेवली, तीनशे माणसांदेखत.

"घरी चल," थोड्या वेळानं तो म्हणाला. "जेवायला."

"आज?"

"आत्ता."

चाळणी गेला. दारात बूट काढले, आत पाऊल टाकलं, आणि हात धुवायला म्हणून नेमका कपड्यांच्या कपाटाचं दार उघडून उभा राहिला. सव्वीस वर्षांपूर्वी तिथे मोरी होती, ती कधीच दुसऱ्या बाजूला गेली होती. "इकडे रे, इकडे," म्हणत कप्ताननं त्याच्या दंडाला धरून त्याला घर दाखवायला सुरुवात केली.