पुढच्या चाकातली हवा

रविवारी सकाळी नऊ वाजता पप्पांनी माझ्या स्कूटरच्या पुढच्या चाकातली हवा काढली. चुकून नाही, मुद्दाम. वॉल्व्हची पिन दाबून धरली, टायरच्या दोन्ही कडा दाबून रिमवरून सोडवल्या, गाडीखाली लाकडी ठोकळा सरकवून चाक अधांतरी ठेवलं आणि मग मला फोन करून पार्किंगमध्ये बोलावलं.

"हे काय?" मी विचारलं.

"हवा भरून दाखव," पप्पा म्हणाले. "भरलीस तर देवगडला जा. मी एक शब्द बोलणार नाही."

शेजारी त्यांची हत्यारांची पिशवी ठेवलेली होती. स्वतः प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते, हाताची घडी घालून. तीस वर्षं विक्रोळीच्या कंपनीत फिटर होते. तिथे नव्या पोरांना असंच तावून सुलाखून घ्यायचे म्हणे.

गोष्ट अशी होती की बँकेत क्लार्कची मी ऑफिसर झाले होते आणि पोस्टिंग मिळालं होतं देवगडला. होकार सोमवारी कळवायचा होता. मला पोलिओ आहे, दोन्ही पायांत. घरात कुबड्या आणि बाहेर ही स्कूटर, मागे बाजूची दोन चाकं लावलेली. देवगडला मिळालेली खोली बँकेपासून आठ किलोमीटरवर, मध्ये सगळा ओसाड, कातळाचा सडा. रस्त्यात गाडी बंद पडली तर काय करशील, हा एकच प्रश्न पप्पा दोन आठवडे मला विचारत होते.

मला त्यांची परवानगी नको होती. एकतीस वर्षांची, कमावती बाई परवानगी कसली मागते? पण त्यांच्या तोंडून 'जा' ऐकल्याशिवाय होकार पाठवायला माझं बोट धजत नव्हतं. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

म्हणून चिडले तरी खाली बसले. कुबड्या बाजूला ठेवल्या, गाडीच्या डिकीतून माझा ऑनलाइन मागवलेला बॅटरीवरचा छोटा पंप काढला आणि ऐटीत वॉल्व्हला लावला. पंप गुणगुणत राहिला, टायर जागचा हलला नाही. ट्यूबलेस टायरमध्ये हवा टिकते ती टायरच्या कडा रिमला घट्ट चिकटलेल्या असतात म्हणून. इथे दोन्ही बाजूंनी बोटभर फट होती. एवढासा पंप जेवढी हवा आत टाकत होता तेवढी बाहेर पळत होती.

पप्पा माझ्याकडे बघत होते.

पिशवीत पायाने मारायचा पंप होता. माझ्या पायांना तो काय कामाचा! मी तो फरशीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून दाबायला लागले. माझ्या हातांत ताकद चिक्कार आहे, लहानपणापासून पायांचंही काम तेच करतात. पिशवीतला भांड्यांचा साबण बाटलीतल्या पाण्यात कालवून टायरच्या कडांना फासला. नुसता फेस आला. फेसाचे बुडबुडे फुटताना बघून मला रडू यायला लागलं आणि रडू येतंय म्हणून आणखी राग आला.

वर पहिल्या मजल्याच्या खिडकीत आई उभी होती. "अहो, उठा की! किती छळाल पोरीला?" ती पप्पांवर ओरडली.

"नंदा, तू आत जा," पप्पा म्हणाले.

मग आठवलं. दोरी. टायरवर मधोमध गोल दोरी बांधायची, तिच्यात पान्हा अडकवून पिळत जायचं. टायर मध्ये आवळला की कडा आपोआप बाहेर, रिमकडे सरकतात. लहानपणी पप्पांना हे करताना पाहिलं होतं. डिकीत नायलॉनची दोरी होती. बांधली, पिळली, फट खरोखरच बुजत आली. मी एका हाताने पान्हा धरून दुसऱ्या हाताने पंप दाबायला गेले, तर पंप लवंडला. पंपाला दोन्ही हात दिले तर पान्हा उलटा फिरून दोरी सैल. पान्हा चाकाच्या दांडीला अडकवून पाहिला, तो सटकला आणि माझ्या बोटावर बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

पप्पांनी खुर्चीचे हात आवळून धरले. उठले मात्र नाहीत. त्या क्षणी मला ते मुळीच आवडले नाहीत.

एवढ्यात गेटमधून तिसऱ्या मजल्यावरचे देवव्रतकाका आले, हातात भाजीची पिशवी. गेल्या वर्षी पावसात माझी गाडी गेटच्या उंचवट्यावर अडली होती तेव्हा ह्यांनी न विचारता मागून ढकलली होती आणि मी अख्ख्या बिल्डिंगसमोर त्यांना झापलं होतं. माझ्या गाडीला हात लावायचा नाही, म्हणून. माणूस बिचारा तोंडात मारल्यासारखा उभा राहिला होता. आज त्यांनी मला पाहिलं, माझं बोट तोंडात पाहिलं, पसरलेली हत्यारं पाहिली आणि पार्किंगच्या पलीकडच्या भिंतीकडेने, लांबचा वळसा घालून लिफ्टकडे निघाले.

ते तसे गेले आणि मला वाईट वाटलं. त्यांच्याबद्दल नाही, माझ्याबद्दल. मला टाळून जायला मीच त्यांना शिकवलं होतं. त्यांनाच कशाला, सगळ्या बिल्डिंगला. आणि देवगडलाही वर्षभरात मी हेच शिकवलं असतं.

"देवव्रतकाका!" मी हाक मारली. "जरा येता का? मला एकटीला होत नाहीये."

ते थांबले. मागे वळून पाहिलं, मग पप्पांकडे पाहिलं. "मी? नक्की ना?"

"नक्की. हा पान्हा धरा. पीळ सोडायचा नाही, मी सांगेपर्यंत."

भाजीची पिशवी खांबापाशी ठेवून ते उकिडवे बसले आणि पान्हा असा धरला की जणू त्यात करंट आहे. मी दोन्ही हातांनी पंपावर तुटून पडले. दहा, वीस, तीस. फेस फुगला, मग फेस थांबला. "दम घे गं," काका म्हणाले. "तुम्ही पान्ह्याकडे बघा," मी म्हणाले.

फट्! एक कड बसली. काका दचकले, पण त्यांनी पान्हा सोडला नाही. थोड्या वेळाने दुसरी. फट्! मी घाईघाईने दोरी सोडवली आणि बाकीची हवा बॅटरीच्या पंपाने भरली. आता तोच पंप शहाण्यासारखा चालला. चोवीसवर काटा आल्यावर थांबवला.

"झकास!" काका म्हणाले. त्यांच्या शर्टावर साबणाचे डाग पडले होते आणि चेहरा असा की हवा त्यांनीच भरली.

त्यांनी ठोकळा काढला, मी सीटवर चढून बसले आणि पार्किंगमध्ये एक चक्कर मारून गाडी पप्पांच्या खुर्चीसमोर उभी केली.

"पाऊण तास का मारामारी केलीस?" पप्पांनी विचारलं.

"मला वाटलं, एकटीनेच करायचंय."

"तसं मी बोललोच नव्हतो. तुला टायर जमतो ते मला ठाऊक आहे, प्रियंका. हाक मारायला जमतं का, ते बघत होतो. तिकडे रस्त्यात उन्हात बसून राहशील, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करणार नाहीस. मला दोन आठवडे झोप नाही त्यापायी."

माझं डोकंच फिरलं. "आणि तुम्ही? तुम्ही कुणाला हाक मारलीत आयुष्यात? हर्नियाच्या ऑपरेशनला एकटे रिक्षात बसून गेलात, आईला दुसऱ्या दिवशी कळलं. माझ्यात हे आलं कुठून?"

पप्पांनी पुढच्या चाकाकडे पाहिलं. मग म्हणाले, "जा तू देवगडला. उद्या कळवून टाक."

एवढं बोलून ते उठायला गेले, आणि गुडघ्याने साथ दिली नाही. बुटक्या खुर्चीत तासभर एका जागी बसून तो आखडला होता. हातांवर जोर देऊन त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, अर्धे उठले, परत बसले. माझे हात पुढे जायला निघाले होते. मी ते हँडलवर दाबून धरले आणि वाट बघत राहिले. हे किती अवघड असतं ते मला तेव्हा कळलं.

तिसऱ्यांदाही जमलं नाही. त्यांनी देवव्रतकाकांकडे पाहिलं, वर खिडकीकडे पाहिलं, आणि मग मान खाली घालून, जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "प्रियंका, धर गं जरा."

मी ब्रेक लावला आणि दोन्ही हात दिले.