दारावरची थाप

आमची सून पोहायला शिकवते. ती एकदा पाण्याखाली गेली, की काठावरचे लोक घरी जाऊन, जेवून, डुलकी काढून परत येतात, तरी ही आपली तळाशीच. तलावात मासे नाहीत म्हणून बरं, नाहीतर लाजेने मेले असते. तिला मासोळी हे नाव मीच ठेवलं.

बाळंतपणाच्या खोलीत घरच्या एकाच माणसाला जायला मिळत होतं. आमचे चिरंजीव पहिल्याच कळेला आडवे झाले. कळ बायकोला, आडवे हे! त्यांना बाहेरच्या बाकावर झोपवलं, आणि आत गेली ती आमची ही, म्हणजे मासोळीची सासू. मी दाराबाहेर खुर्चीवर. दार नीट लागत नव्हतं, चार बोटं फट राहायची. दिसायचं काही नाही, ऐकू मात्र सगळं यायचं.

मासोळीच्या बोटाला एक चिमटा लावला होता. त्यावरून रक्तातला ऑक्सिजन कळतो म्हणे. सिस्टरने मला सकाळीच सांगितलं होतं, आकडा चांगला असला की यंत्राचा आवाज उंच, आकडा उतरला की आवाजही उतरतो. दुपारपर्यंत आवाज छान टिंग टिंग चालला होता. मग कळा वाढल्या, आणि प्रत्येक कळेला आवाज घसरायला लागला. टिंगचं टुंग, टुंगचा थेट ढोल.

"एकोणनव्वद! ताई, श्वास घ्या, श्वास!" सिस्टर ओरडली. नाकातोंडावर मास्क लावला. पुढच्या कळेला पुन्हा ढोल.

तीन कळा मी कान देऊन ऐकल्या. दर वेळी आधी आमच्या हिचा आवाज यायचा, "दम धर गं पोरी, दम धर!" आणि लगेच यंत्र खाली.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण दम धर म्हणतो ते धीर धर अशा अर्थाने. मासोळी तलावावर मुलांना दिवसातून शंभरदा तेच ओरडून सांगते, पण तिथे त्याचा अर्थ एकच, श्वास कोंडा! सासूने सांगितलं, आणि जन्मात पहिल्यांदाच सुनेने निमूट ऐकलं.

सिस्टर बाहेर आल्यावर मी तिला गाठून हे सांगितलं.

"काका," ती म्हणाली, "तुमच्या अंगणातली काकडी उतरवायला शिडी लागते असं सकाळी तुम्हीच सांगितलंत ना? बसा."

तेवढ्यात भुलीच्या डॉक्टर आल्या. तरुण बाई, दोन पायांत दोन रंगांचे मोजे. भूल देण्याचा आमचा धंदा एकच, त्या सुईने देतात, मी तोंडाने. म्हणूनच असेल, त्यांनी माझं ऐकून घेतलं. एक कळभर फटीशी कान लावून माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि आत गेल्या.

"आजी, दम धर नका म्हणू. सोड म्हणा."

पुढच्या कळेला हिने "सोड गं, सोड!" असा धोशा लावला. आवाज थोडा सावरला. पण कळ गेल्यावर पुन्हा घसरला.

"हे दुखण्यामुळे होतंय," डॉक्टर मासोळीला समजावत होत्या. "कळ आली की तुम्ही धापा टाकता नाहीतर श्वास अडवता. कळ गेली की इतक्या गळून जाता, की श्वास घ्यायचं भान राहत नाही. बाळाला ऑक्सिजन तुमच्याकडूनच जातो. ते अजून ठीक आहे, पण वेळ बराच लागणार आहे. पाठीत बारीक नळी घालून औषध देते. त्या औषधात ऑक्सिजन नसतो हं. ते दुखणं उतरवतं, आणि दुखणं उतरलं की श्वास ताळ्यावर येतो. तुम्ही जाग्याच असाल."

"नको," मासोळी म्हणाली. "आईंनी पाच बाळंतपणं हूं की चूं न करता काढली. तिसऱ्या वेळी तर शेगडीवरचं दूध उतू जायच्या आत परत ओट्याशी उभ्या होत्या. आणि मी काय..."

कळ आली. टुंग. टुंग.

ते दूध माझं होतं. हूं की चूं नाही, तेही माझंच. सून घरात आली त्याच आठवड्यात मी ती गोष्ट तिला रंगवून सांगितली होती. ही तेव्हा हसून गप्प बसली. फुकटची स्तुती कोण खोडून काढतं?

मी दारावर थाप मारली. जन्मभर थापाच मारल्या, पण ही मारताना हात जड झाला.

"मासोळे, ती गोष्ट खोटी आहे."

फटीला तोंड लावून मी पुढे सांगितलं.

"तिसरा म्हणजे हाच, जो बाकावर पडलाय. त्याच्या वेळी तुझी सासू अशाच खोलीत दीड दिवस होती. ओठ निळे पडले होते. डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले, मनाची तयारी ठेवा. मी ढसाढसा रडत होतो. नंतर लोक विचारायला लागले, तेव्हा ते काही मला सांगवेना. म्हणून दुधाचं सांगितलं. मग दर वेळी त्यावर साय धरत गेली."

"आई, खरं?" मासोळीचा आवाज अगदी बारीक आला.

"खरं," ही म्हणाली. "मला तेव्हा कुणी सुई विचारली असती, तर मी दोन मागितल्या असत्या."

"द्या डॉक्टर," मासोळी म्हणाली.

सिस्टरने आतून स्टूल लावून दार घट्ट बंद केलं. त्या अर्ध्या तासात मी एकही शब्द बोललो नाही, हे बाकावरचे चिरंजीवही सांगतील. मग स्टूल सरकलं, फट उघडली, आणि टिंग टिंग ऐकू आलं. उंच, पट्टीने आखल्यासारखं सरळ. कळ आली नि गेली, यंत्राला पत्ताच नाही.

"अठ्ठ्याण्णव," सिस्टर म्हणाली.

"बाबा, आहात का बाहेर?" मासोळीने हाक मारली. "वेळ जाईना. काहीतरी सांगा ना."

जिभेवर आलेली थाप मी गिळली. "तुझ्या सासूलाच विचार, त्या वेळी काय झालं ते. मीही ऐकतो. मी कधी विचारलंच नाही."

ही सांगायला लागली. खिडकीला निळा कागद चिकटवला होता. घशाला कोरड होती, पण पाणी देत नव्हते. एका सिस्टरचा अंगठा हिने असा आवळला, की हाड वाजलं, तरी त्या बाईने हात काढून घेतला नाही. एका घरात राहून मला यातलं काही म्हणता काही ठाऊक नव्हतं.

"आणि बाबा बाहेर रडत होते?"

"रडतायत कुठले! रखवालदाराला गोष्ट सांगत होते, वाघाचे डोळे तपासल्याची. मोठमोठ्याने. एका दमात, थांबायचं नाव नाही. मला आत शब्द न् शब्द ऐकू येत होता. म्हटलं, वाघाला चष्मा बसला की नाही ते कळेपर्यंत आपण काही मरायचं नाही."

मासोळी खुदकन हसली. यंत्र हललं नाही.

"अहो," हिने फटीतून विचारलं, "बसला का हो शेवटी?"

इतकी वर्षं तिने हा प्रश्न पोटात ठेवला होता, आणि मला तो वाघच आठवेना. नात यायला अजून तीन तास होते. मी खुर्ची दाराजवळ ओढली.