दार म्हणून रंगवलेली गिटार

मी एक जुनी गिटार आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, माझा आवाज बसलेला आहे. तो कसा बसला, एवढीच माझी गोष्ट आहे.

मला घडवणारा कारागीर मोठा हट्टी होता. माझ्या पोटावरची फळी तो रंध्याने तासायचा, कानाशी धरून बोटाने ठोकायचा आणि मान हलवून पुन्हा तासायला घ्यायचा. फळी इतकी पातळ झाली की उजेडात धरली तर लालसर दिसे. तिच्यावर त्याने कांद्याच्या पापुद्र्याएवढा पॉलिशचा हात दिला आणि स्वतःशीच पुटपुटला, "बास. याहून जास्त चढवलं तर गुदमरेल बिचारी." हे ऐकायला तिथे माझ्याशिवाय कोणी नव्हते. आणि मला बोलता येते ते दुसऱ्याच्या बोटांनी, तेही सुरांतच.

दुकानात मी अकरा जणींबरोबर भिंतीवर टांगलेली होते. एके दिवशी एक सुतार आपल्या मुलीला घेऊन आला. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून तो तिला भिंगरी म्हणायचा. भिंगरीची नजर एका चकचकीत निळ्या गिटारीवर खिळली होती. बाबांनी तिकडे ढुंकूनही पाहिले नाही. एकेक गिटार उतरवून त्यांनी एक डोळा मिटून तिची मान सरळ आहे का ते पाहिले. गोल भोकाच्या कडेवरून बोट फिरवून लाकूड सलग आहे की थर चिकटवलेले, तेही तपासले. मग बोट वाकवून पोटावर ठोकले आणि कान लावला. भिंगरीला एकच तार छेडायला सांगून सूर विरेपर्यंत सगळ्यांना गप्प बसवले. दुकानदार पार कंटाळून गेला. शेवटी माझ्यावर ठोकल्यावर बाबा हसले.

"ही घे. हिच्या पोटात आवाज आहे."

इतके नीट मला कोणी निवडले याचा मला आजही अभिमान वाटतो. तोच तर सल आहे.

चार वर्षे आम्ही सुखात काढली. स्वयंपाकघराच्या खिडकीशी स्टूल ओढून भिंगरी मला वाजवायची. बाबा कामावरून आले की केसांतला भुसाही न झटकता दारातच टेकायचे. वाजवून वाजवून तिच्या बोटांना घट्टे पडले आणि माझ्या अंगावर नखांचे ओरखडे उठले. जिथे तिचा हात टेकायचा तिथे तर काळपट डागच पडला. मित्रांनो, मला त्या डागाची कधी लाज वाटली नाही.

बाबांना मात्र वाटली. संगीत विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेला आठ दिवस उरले होते. भिंगरी दोन दिवस मावशीकडे गेली होती. आपली पोर मोठ्या लोकांसमोर असली डागाळलेली गिटार घेऊन बसणार, या विचाराने बाबांच्या जिवाला चैन पडेना. त्यांनी माझ्या तारा उतरवल्या, पॉलिशपेपरने अंग घासले आणि घरांच्या मुख्य दारांसाठी राखून ठेवलेले सगळ्यात भारी व्हार्निश काढले. तीन हात दिले, अगदी मन लावून. लाकडाची त्यांना जन्माची ओळख होती, पण ती दारे-कपाटांच्या लाकडाची होती, पावसाला तोंड देणाऱ्या. मी आतल्या आत ओरडत होते. ऐकणार कोण?

भिंगरी परतली तेव्हा बाबांनी मला आरशासारखे तिच्यापुढे धरले. तिने तार छेडली. सूर निघाला तो गोधडीखालून आल्यासारखा. तिचा चेहरा मी जवळून पाहिला. क्षणभर तिने डोळे मिटले, मग म्हणाली, "छान झालीय, बाबा."

दुसरी गिटार मागून आणली असती तर बाबांना कारण सांगावे लागले असते. तिने मलाच नेले. परीक्षकांपैकी एकाने कानामागे हात धरला. आवाज पोचत नाही हे पाहून ती जोराने वाजवू लागली, तसे सूर फाटले आणि बोटे चुकली. यादीत तिचे नाव आले नाही.

बाबा समजुतीच्या सुरात म्हणाले, "गिटारीत खोट नव्हती गं, मी स्वतः निवडली होती. तुझ्या बोटांनाच अजून मेहनत हवी होती."

"हो, बाबा," ती म्हणाली, आणि तिने मला कपाटावर ठेवून दिले. पुढे तिला परगावी टपालखात्यात नोकरी लागली. तिच्या बोटांचे घट्टे आता मऊ पडले असतील.

कपाटावर माझी पंधरा वर्षे गेली. मग शेजारच्या छोटीला गिटार शिकायची हुक्की आली. म्हाताऱ्या बाबांनी उत्साहाने मला खाली काढले. चांगली गिटार ओळखायची कशी, हे ते तिला शिकवणार होते. मान दाखवली, भोकाची कड दाखवली. मग बोट वाकवून पोटावर ठोकले.

ते थांबले. पुन्हा ठोकले. भोकाच्या कडेला नख लावून व्हार्निशचा जाड थर पाहिला. छोटीला त्यांनी घरी पाठवले आणि भिंगरीला फोन लावला.

"तुला तेव्हाच कळलं होतं ना?"

ती म्हणाली, "हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही दोन दिवस खपला होतात, बाबा. किती खुशीत होतात."

बाबांनी फोन ठेवला. ते खरवडायची पाती घेऊन आले, त्यांनी ती माझ्यावर टेकवली आणि परत ठेवली. थराबरोबर कागदासारखी फळीही जाईल, हे आता त्यांना पुरते कळत होते.

मित्रांनो, गिटार जरूर ठोकून निवडा, बाबांनी निवडली तशी. पण निवडल्यावर तिला नटवायच्या आधी जी ती वाजवते तिला एकदा विचारा. आणि तुमच्या माणसाने मायेपोटी काही बिघडवले, तर त्याचे मन राखायला गप्प बसू नका, त्याच दिवशी सांगा. मला सांगता येत नव्हते. तिला येत होते.

आता मी बाबांच्या मांडीवर असते. रोज दुपारी ते वाकवलेल्या बोटाने एकदा ठोकतात आणि कान लावून बसतात.