चमकीची खूण

काटा म्हटल्यावर तुम्ही पाय उचलून पाहाल, मित्रांनो. मी पायातला नाही. सावळाराम आजोबांच्या मेंदूत, चेतापेशीच्या एका फांदीवर फुटलेला मी जुना काटा आहे. पलीकडच्या पेशीचा निरोप झेलायचा आणि फांदीत सोडायचा, हे माझे काम. निरोप येत राहिले तर मी भरतो; थांबले तर झिजतो.

मी वाढलो तो शेलार गावातल्या, कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यामुळे. तिथल्या खडखडाटात हाक ऐकू येत नसे, म्हणून कामगार हातांनी बोलत. नाकात चमकी घातलेली बायको तुळजा जेवणाचा डबा घेऊन दारात आली, की सावळाराम नाकपुडीला बोट लावून शेजारच्या रामूला खुणावत, ‘चमकीवाली आली, लूम बघ.’ आठवण एकट्या काट्यात मावत नाही. ती खूण आम्ही पुष्कळ जणांनी मिळून धरली होती.

आजोबांना विसरण्याचा आजार जडला आणि माझे शेजारी गळू लागले. तुळजाचे नाव ज्यांनी धरले होते, ते सगळे गेले. मी कवटीत बंद, आजोबा बाहेरून कडी लावलेल्या खोलीत. तुळजा आजी समोर आली की मी जीव खाऊन निरोप सोडतो. आजोबांचे बोट नाकाकडे जाते. नाक खाजते असे समजून मुलगा धनेश तिथे मलम लावतो.

काल तो म्हणाला, “आये, बाबा तुला बी वळखत न्हाय. आश्रमात ठेवू. गोदामाची ड्युटी करू का यांच्यामागं फिरू?”

“ठेव,” आजी म्हणाली. “मी कोन हाय तेच त्यांना ठावं न्हाय.”

तेवढ्यात रामू भेटायला आला. आजोबांनी आजीकडे पाहिले, मग रामूकडे वळून बोट नाकाला लावले. धनेश मलमाची डबी उघडू लागला.

रामू हसू लागला. “मलम कसलं फासतोस रं धन्या? वैनी, तो मला सांगतोय, चमकीवाली आली, लूम बघ.”

आजीचा हात चमकीवर गेला. “मेल्या, येवढी वर्सं मला न्हाय सांगितलंस.”

“आमच्या लूमखात्यातली गोष्ट, तुला कशाला सांगू?” रामू म्हणाला.

धनेशने मलमाची डबी खिशात टाकली. आश्रमाचे नाव पुन्हा निघाले नाही.

आज आजीने आजोबांचे जेवण डब्यात भरले, ती बाहेर गेली आणि डबा घेऊन दारातून आत आली. मला निरोप पोचला.

मी किती टिकेन, ठाऊक नाही. पण मित्रांनो, घरातले कुणी तुमचे नाव विसरले, तर ‘मी कोण, सांगा’ म्हणून त्यांना छळू नका. त्यांच्या हातांकडे पाहा. आत एखादा काटा अजून तुम्हाला धरून असेल.