कोणतं कुत्रं ते दाखवा

कर्वेनगरच्या त्या सोसायटीत कुत्र्यांवरून वाद झाला नाही असा महिना जात नसे. कुणाच्या स्कूटरचं सीट फाडलेलं, कुणाच्या नातवाच्या मागे लागलेलं. आपल्यापैकी कुणालाच हे नवीन नाही. पण त्या रविवारी सेक्रेटरी महिपतराव श्रीनिवास सरांच्या दारात आले, ते वेगळ्याच कामासाठी.

"सर, मंगळवारी दत्तोबाचा टेम्पो येतोय," महिपतराव आवाज उतरवून म्हणाले. "कुत्रं पोत्यात घालून खडकवासल्याच्या पलीकडे सोडून येतो. पण एका वेळी एकच नेणार म्हणतो, बोभाटा नको. तेव्हा कोणतं ते तुम्ही दाखवा. सौमित्रला आडवं आलेलं."

सौमित्र हा सरांचा मुलगा. हिंजवडीच्या कंपनीत नोकरी, वय अठ्ठावीस. चार महिन्यांपूर्वी संध्याकाळी घरी येताना गल्लीच्या तोंडाशी कुत्रं मध्ये आलं, बाइक घसरली आणि त्याचं डोकं दुभाजकावर आपटलं. घर शंभर पावलांवर होतं.

"दाखवतो," सर म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

आताशा त्यांना राग यायचा तोसुद्धा थकलेला. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला हा माणूस, मुंजीपासून कधी पूजा न चुकवलेला. मुलाचे दिवस झाले आणि त्यांनी देवघराकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. "देवाला डोळे असते तर त्यानं कुत्रं नेलं असतं," एवढंच ते एकदा पत्नीला म्हणाले होते. आनंदीबाई रोज दिवा लावत, डोळे मिटून बराच वेळ बसत आणि उठून कुकर लावत.

सोमवारी सकाळी सर कुत्रं निवडायला खाली उतरले. पार्किंगमध्ये तिघं होती. एक काळं, एक पांढरं लंगडं, एक तांबडी कुत्री. सरांना बघून तिघांनीही शेपटी हलवली. सर पाच मिनिटं उभे राहिले. गणितात असं होत नाही, तिथे कुठलं तरी एक उत्तर बरोबर असतंच.

"मी नव्हतं हो बघितलं," सरांनी विचारल्यावर वॉचमन संपत म्हणाला. "तुळजाबाईंनी बघितलं. पहिल्या त्याच पोचल्या."

तुळजाबाई! सहा वर्षं सरांच्याच घरी धुणंभांडी करणारी बाई. चार महिन्यांत तिला कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. सर तसेच वर गेले. तुळजाबाई भांडी घासत होत्या.

"तुळजाबाई, त्या दिवशी आडवं कोणतं आलं होतं? काळं की तांबडं?"

"कशाला पायजे?"

"उद्या टेम्पो येतोय."

"मग न्हाई सांगायची."

"अहो, माझा मुलगा गेलाय!"

"माझ्या मांडीवर गेलाय, सर." तुळजाबाईंनी नळ बंद केला. पदराला हात पुसले. "कुत्रं आडवं आलं, खोटं कशाला बोलू? पर वळणावर गाडी लई सावकाश व्हती. दादा पडला, कोपर खरचाटलं. बाकी अंगावर वरखडा न्हाई. माझा लेक तसा चार डाव पडलाय. डोकं तेवढं फुटलं. आन् हेल्मेट हँडलला लटकत व्हतं. कंपनीपासनं घालून आलेलं हेल्मेट!"

हेल्मेट हँडलला होतं हे पंचनाम्यात लिहिलं होतं. सरांनी तो कागद एकदाच वाचून कपाटात टाकला होता. कार्टं घालतच नसेल, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

"घालून आला होता? मग काढलं कधी?"

"रोजच काढायचा. त्या पानाच्या टपरीपाशी थांबून. मी इचारलं एकदा, आता दोन मिन्टांचा रस्ता, कशाला काढतोस? तर हसला. म्हनला, मावशी, बाबा गॅलरीत उभे असतात. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं वरडतात, आले बघा अंतराळवीर!"

सर भिंतीला टेकले आणि तिथेच खाली बसले.

वाचकहो, ते दिवस आठवा. हेल्मेटसक्ती आली आणि अर्ध्या शहराने अस्तन्या सरसावल्या. श्रीनिवास सरांनी तर वर्तमानपत्रात पत्र लिहिलं होतं, 'डोकं आमचं, उठाठेव सरकारला कशाला?' छापून आलेलं ते पत्र फ्रेम करून फोनच्या वर लावलेलं होतं. आल्यागेल्याने ते वाचून दाद दिली होती. एकट्या सौमित्रने दिली नाही, आणि बापाशी वादही घातला नाही. गरीब स्वभावाचं पोर, बापाचा मान राहावा म्हणून रोज टपरीपाशी थांबत राहिलं!

"म्हणजे मी!" सर म्हणाले. "कुत्रं शोधत फिरलो, आणि..."

स्वयंपाकघराच्या दारात आनंदीबाई उभ्या होत्या.

"तुला माहीत होतं?"

"तुळजाबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"एक गेला होता. दुसऱ्याला घालवायचं नव्हतं." आनंदीबाई त्यांच्याजवळ फरशीवर बसल्या. "तुम्हाला वाटत असेल, देवापुढे बसून काय मिळतं? मी तिथे एवढंच मागत होते, की हे तुम्हाला कळू नये. आणि कळलंच, तर सोसायचं बळ द्यावं. तुमच्यावरचा राग मी रोज तिथे ठेवून उठत होते. नाहीतर तुम्हाला चहा कसा दिला असता हो?"

तेव्हा सर रडले. चार महिन्यांत पहिल्यांदा.

मंगळवारी त्यांनी अंघोळ केली आणि देवघरासमोर पाट मांडला. मंत्र काही ओठांवर येईनात. एक फूल वाहिलं, "चुकलो" म्हणाले आणि खाली उतरले.

टेम्पो उभा होता. दत्तोबा पोतं झटकत होता. "या सर, दाखवा कोणतं ते," महिपतराव म्हणाले.

"सौमित्रला ज्यानं मारलं त्यालाच न्यायचंय ना? मग मला बसवा टेम्पोत."

महिपतरावांची स्कूटर शेजारीच होती आणि हेल्मेट तिच्या हँडलला लटकत होतं. सरांनी ते काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. "हे डोक्यावर घाला, महिपतराव. आणि कुत्रं मी निवडलंय. ही तांबडी. ही माझ्या घरी राहील. बाकीच्या दोघांना लशी टोचून घेऊ."

आडवं आलेलं कुत्रं तेच होतं का, हे तुळजाबाईंनी अजून सांगितलेलं नाही. सरांनीही पुन्हा विचारलं नाही.

दोष द्यायला कुत्रं सापडतं, खड्डा सापडतो, देव तर हाताशीच असतो. पण ज्या गोष्टीची आपण घरात चेष्टा करतो, ती आपली मुलं घराबाहेर उतरवून ठेवतात. म्हणून मित्रांनो, हसण्यापूर्वी थोडा विचार करा!

फोनच्या वरची फ्रेम आता गेली आहे. संध्याकाळी सर तांबडीला घेऊन त्या टपरीपाशी उभे असतात. हँडलला हेल्मेट लटकवून कुणी आलं की हात आडवा करतात, "बाळ, आधी ते डोक्यावर." परवा एका मुलाने गाडी न थांबवताच विचारलं, "काका, तुमचं काय जातं?"

"माझं गेलं रे," सर म्हणाले. "इथेच."

मुलगा पुढे जाऊन थांबला. मागे वळून त्याने एकदा सरांकडे बघितलं आणि हेल्मेट डोक्यावर चढवलं.